फवारणी करणाऱ्याला कोण सांगणार?

मराठी शेतकऱ्याच्या बोलण्यात 'कीटकनाशक' हा शब्द क्वचितच येतो. कपाशीला औषध मारायचे असते, मिरचीवर औषध फवारायचे असते, कृषी सेवा केंद्रातून औषध आणायचे असते. हिंदी भाषक शेतकरी त्याला 'दवाई' म्हणतो, गुजराती 'दवा', तेलुगू 'मंदु'. अर्थ सगळीकडे तोच. पिकाच्या बाजूने पाहिले तर या शब्दात काही चुकीचे नाही. परंतु ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याच्याही कानावर हाच शब्द पडतो. अधिक विषारी वर्गातील डब्यावर कायद्याने 'विष' असे लाल अक्षरांत छापलेले असते. तो डबा मात्र त्याला बहुधा दिसतच नाही. सकाळी तो शेतावर पोहोचतो तेव्हा ड्रममध्ये द्रावण तयार असते, किंवा मालकाने पुड्या-बाटल्या फोडून माप काढून ठेवलेले असते. त्याच्या हाती येते ते पांढरट पाणी. त्यावर ना नाव असते, ना त्रिकोण.

माहितीचा प्रवास कंपनीपासून विक्रेत्यापर्यंत आणि विक्रेत्यापासून शेतकऱ्यापर्यंत कमीअधिक प्रमाणात होतो. शेवटचा टप्पा, म्हणजे शेतकऱ्यापासून रोजंदारीवरील फवारणाऱ्यापर्यंतचा, जवळजवळ रिकामा आहे. विषबाधेच्या घटनांनंतर होणाऱ्या चर्चेत रसायनाची तीव्रता, बनावट माल, पंपाचा प्रकार असे अनेक मुद्दे येतात आणि त्यांत तथ्यही असते. त्या माणसाला फवारणीपूर्वी कोणी काय सांगितले होते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

कारखान्यात हा प्रश्न विचारला जातो. त्यामागे मोठी किंमत मोजली गेली आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला, तो मिथाइल आयसोसायनेट, कार्बारिल या कीटकनाशकाच्या निर्मितीसाठी साठवलेला होता. भारतीय शेतकऱ्याला दीर्घकाळ परिचित असलेले हे कीटकनाशक २०१८ मध्ये देशात बंद झाले. दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखान्याने कामाच्या ठिकाणचे धोके, त्यांचे आरोग्यावरील परिणाम आणि त्यांवरील उपाय ही सर्व माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला स्वतःहून दिली पाहिजे, असे बंधन कलम ४१-ब ने घातले. कलम १११-अ ने कामगाराला अशी माहिती मागण्याचा हक्क दिला. धोकादायक प्रक्रियांच्या यादीत कीटकनाशके, बुरशीनाशके आणि तणनाशके बनविणाऱ्या उद्योगाचा स्पष्ट समावेश होता. चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी असेच तत्त्व २०१० च्या दुरुस्तीने मळा कामगार अधिनियमात आले. कीटकनाशक हाताळणाऱ्या, मिसळणाऱ्या आणि फवारणाऱ्या प्रत्येक कामगाराला त्यातील धोक्यांचे प्रशिक्षण देणे, त्याची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी करणे, त्याला संरक्षक कपडे आणि अंघोळीची सोय देणे हे मळामालकाचे कर्तव्य ठरले. हे दोन्ही कायदे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावले गेले असले तरी कामगाराला धोका सांगितला पाहिजे हे तत्त्व मान्य झालेले आहे.

म्हणजे एकच रसायन कारखान्यात भरले जाताना कामगाराला त्याची माहिती मिळण्याचा हक्क आहे आणि आसाममधील चहामळ्यात फवारले जातानाही आहे. तेच रसायन विदर्भातील कपाशीच्या किंवा तेलंगणातील मिरचीच्या शेतात फवारणाऱ्या मजुराची स्थिती वेगळी आहे. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये एक सवलत आहे. कोणी व्यक्ती घरगुती उपयोगासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या वहितीखालील जमिनीवर कीटकनाशक वापरत असेल, तर त्या वापराला हा अधिनियम लागू होत नाही. सवलतीमागील हेतू समजण्याजोगा आहे. दोन एकरांच्या शेतकऱ्याला परवान्यांच्या जंजाळात अडकविणे कोणालाच नको होते. पण ही सवलत लिहिताना शेतकरी स्वतःच फवारतो असे गृहीत धरले गेले असावे. त्या जमिनीवर मजुरीने फवारणी करणारा माणूस या गृहीतकात कुठेच नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांमध्ये संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, प्रथमोपचार, कामगारांचे प्रशिक्षण यांबाबत स्वतंत्र नियम आहेत. ते उत्पादक, वितरक आणि परवानाधारक यांच्यापर्यंत पोहोचतात आणि शेताच्या बांधावर थांबतात.

याच नियमांमधील एक तरतूद मुद्दाम पाहण्यासारखी आहे. विमानातून फवारणी करायची असेल तर किमान २४ तास आधी जनतेला सूचना दिली पाहिजे आणि ठरावीक काळ त्या क्षेत्रात माणसे-जनावरे शिरू देता कामा नयेत, असे ४३ वा नियम सांगतो. आकाशातून पडणाऱ्या विषाची पूर्वसूचना गावाला मिळावी, हे शासनाला १९७१ मध्येच पटले होते. जमिनीवर तेच विष नाकातोंडाजवळून मारणाऱ्याला पाच मिनिटे आधी त्याचे नाव सांगावे, असे मात्र कोणत्याही नियमात आले नाही.

आणखी एक विसंगती आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात, शेतीकामात किंवा मळ्यात कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी करणाऱ्या व्यक्तीचा कर्मचारी म्हणून समावेश होता. काम करताना इजा किंवा मृत्यू झाल्यास नुकसानभरपाईचा प्रश्न येतो आणि तेथे त्याला कर्मचारी मानले जाते. इजा होण्यापूर्वी मात्र त्याला कर्मचारी समजून धोक्याची माहिती देण्याची जबाबदारी कोणावरच नीट टाकलेली नाही. नव्या कीटकनाशक व्यवस्थापन कायद्याचे विधेयक २०२० मध्ये राज्यसभेत मांडले गेले. ही उणीव भरून काढण्याची जागा असा कायदा हीच आहे. पण कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यांत शेतकरी होते आणि शेतमजूरही. त्या वर्षी कपाशीची वाढ माणसाच्या डोक्याच्या बरोबरीने झाली होती, उकाडा आणि दमटपणा होता, इंजिनावर चालणारे पंप दाट फवारा उडवीत होते आणि एकाहून अधिक रसायनांची मिश्रणे सर्रास वापरली जात होती. या घटनेनंतर मास्क, चष्मे, हातमोजे यांचे संच ठिकठिकाणी वाटले गेले. संच वाटणे सोपे असते, त्याचे छायाचित्रही चांगले येते. सप्टेंबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत, पाठीवर वीस किलोंचे ओझे घेऊन तो अंगरखा आणि मास्क किती वेळ टिकतो, हे प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याला ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची कीटकनाशक व्यवस्थापनविषयक आचारसंहिता तर याहून पुढे जाते. ज्या कीटकनाशकासाठी लागणारी संरक्षक साधने गैरसोयीची, महाग किंवा सहज न मिळणारी असतील, ते कीटकनाशक, विशेषतः उष्ण हवामानातील लहान शेतकरी आणि शेतमजूर यांच्या बाबतीत, टाळावे असे ती सांगते. संरक्षक साधने आवश्यकच आहेत. पण ती का घालायची हे ज्याला माहीत नाही तो पहिल्या तासाभरात ती काढून बांधावर ठेवतो.

मग सांगायचे काय? 'काळजी घ्या' एवढे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे. सर्वांत आधी नाव आणि त्रिकोणाचा रंग सांगितला पाहिजे. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा, हे आता पुष्कळ शेतकऱ्यांना पाठ आहे. मात्र रंग हा एका डब्यातील मालाचा, प्रयोगातील प्राण्यांवर मोजलेल्या तत्काळ विषारीपणाचा निर्देशक आहे. दोन निळे डबे एकत्र ओतल्यावर जे तयार होते त्याला रंग नसतो. शिफारस नसलेल्या मिश्रणाची माहिती देणे कोणालाच शक्य नाही, कारण ती अस्तित्वातच नाही. केवळ एवढ्या कारणासाठीही असे मिश्रण मजुराच्या पंपात भरणे अयोग्य ठरते.

दुसरी गोष्ट विष शरीरात शिरते कोठून. विष नाकातोंडातूनच जाते अशी समजूत घट्ट आहे, म्हणून तोंडाला रुमाल बांधला की काम झाले असे वाटते. फवारणीत विषाचा मोठा वाटा त्वचेतून जातो आणि सर्व त्वचा सारखी नसते. पॅराथिऑन या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाचे शोषण मानवी स्वयंसेवकांवर मोजणारा एक अभ्यास १९७१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. कोपराखालील हाताच्या तुलनेत कपाळावरून सुमारे चौपट, काखेतून सातपट आणि जांघेतील वृषणाच्या त्वचेतून दहापटींहून अधिक शोषण झाल्याचे त्यात आढळले. गळका पंप पाठीवरून पाझरत कमरेखाली उतरतो तेव्हा काय होते, हे या आकड्यांवरून उमगते. झाकणाच्या वायसरमधून होणारी गळती ही दुरुस्तीची किरकोळ बाब मानली जाते. मजुराच्या दृष्टीने ती दिवसातील सर्वांत मोठी जोखीम असू शकते. मूळ, पाणी न मिसळलेले द्रावण हाताने ढवळणे आणि त्याच हाताने खर्रा किंवा बिडी तोंडाजवळ नेणे ही दुसरी.

तिसरी गोष्ट लक्षणांची, आणि येथे सर्वाधिक घोटाळा होतो. फवारणी करणाऱ्याला मळमळ, डोकेदुखी, चक्कर, भरपूर घाम असा त्रास सुरू झाला की 'ऊन लागले' असे म्हणून त्याला झाडाखाली झोपविले जाते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस या सेंद्रिय फॉस्फरस गटातील विषबाधेची सुरुवात नेमकी अशीच होते. उन्हाने थकलेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते. या विषाने बाधित माणसाच्या तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकुंचन पावतात, स्नायू फडफडू लागतात आणि छातीत कफ दाटून श्वास जड होतो. हा फरक शिकविण्यास अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. अर्थात खात्री करून घेण्यासाठी थांबू नये. फवारणी करताना त्रास झाला तर काम थांबवून, भिजलेले कपडे उतरवून, अंग साबण-पाण्याने धुऊन रुग्णालय गाठणे हाच नियम असावा.

रुग्णालयात जाताना डबा किंवा लेबल सोबत हवे, याचे कारणही सांगितले पाहिजे. सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या विषबाधेवर अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम ही औषधे आहेत. प्रॅलिडॉक्सिम विषाने जखडलेल्या एन्झाइमला सोडविते, मात्र काही रसायनांच्या बाबतीत हा बंध थोड्याच तासांत इतका पक्का होतो की मग ते औषध निरुपयोगी ठरते. डायफेन्थ्युरॉनसारख्या वेगळ्या गटातील रसायनावर ठरावीक उतारा नाही. तेथे लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात. पॅराक्वॉट या तणनाशकावर उतारा तर नाहीच, उलट गरज नसताना दिलेला प्राणवायूही फुप्फुसांचे नुकसान वाढवितो. डॉक्टरसमोर उभा असलेला माणूस 'कपाशीचे औषध मारत होतो' एवढेच सांगू शकत असेल, तर डॉक्टरांच्या हातात लक्षणांवरून अंदाज बांधण्यापलीकडे फारसे काही उरत नाही.

चौथी गोष्ट शेतकऱ्यालाही ठाऊक नसते. सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज या एन्झाइमला निष्प्रभ करतात आणि त्याची पातळी पूर्ववत होण्यास अनेक आठवडे लागू शकतात. हंगामात फवारणीचेच काम करणारा मजूर सोमवारी एकाच्या शेतात असतो, मंगळवारी दुसऱ्याच्या, बुधवारी तिसऱ्याच्या. प्रत्येक मालकाला आपल्या एका दिवसाची माहिती असते. बेरीज त्या मजुराच्या शरीरात होत राहते, कोणतेही लक्षण न दाखवता, आणि एखाद्या दिवशी नेहमीच्याच मात्रेने तो कोसळतो. मग त्या दिवशीचा मालक आणि त्या दिवशीचा डबा यांच्यावर ठपका येतो. यावर एकच साधा मार्ग दिसतो. फवारणी करणाऱ्याकडे स्वतःची नोंदवही किंवा कार्ड असावे, त्यावर तारीख, रसायनाचे नाव आणि गट एवढेच लिहावे. सलग दिवस एकाच गटाचे काम येत असेल तर मध्ये खंड घ्यावा. भ्रमणध्वनीवर लेबलचे छायाचित्र काढून ठेवले तरी चालेल. गावातील फवारणी करणारे बहुधा पाच-दहाच असतात आणि ते सर्वांना माहीत असतात. त्यांची यादी कृषी सहायकाकडे असणे अशक्य नाही.

यावर एक आक्षेप उघडपणे घेतला जातो: इतके सारे सांगितले तर मजूर येणारच नाही. हा आक्षेप खोटा नाही. फवारणीला माणूस मिळणे आधीच कठीण झाले आहे आणि लाल त्रिकोणाचा अर्थ नीट कळल्यावर काही जण नकार देतील, काही अधिक मजुरी मागतील. पण नकार देता येणे हाच माहिती देण्याचा अर्थ आहे. ज्या रसायनाचे खरे वर्णन ऐकून कोणीही पंप उचलणार नाही, त्याची निवड पुन्हा तपासण्याची ती खूण आहे. पुष्कळ वेळा त्याच किडीसाठी कमी विषारी पर्याय शिफारशीत असतो. तो थोडा महाग असतो आणि फरक मजुराच्या शरीरातून वसूल केला जातो. मजुरी पंपावर मोजण्याच्या पद्धतीचाही येथे विचार व्हावा. पंपामागे पैसे मिळत असतील तर वारा पडण्याची वाट पाहणे, तुंबलेले नोझल धुऊन साफ करणे, जेवणापूर्वी हात धुणे या सर्वांचा भुर्दंड मजुराला पडतो. नोझल तोंडाने फुंकणारा माणूस अडाणी असतो असे नाही, त्याला आणखी चार पंप संपवायचे असतात.

भाषेचा अडसर वेगळाच. लेबल आणि माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातील एक-दोन भाषांत छापणे बंधनकारक आहे. ते छापलेलेही असते, अनेक घड्या घातलेल्या कागदावर, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत. यवतमाळमधील कोलाम किंवा गोंड मजुराची घरची भाषा त्यात नसते. नाशिकच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून येणारा किंवा पंजाबात बिहारहून जाणारा मजूर तर स्थानिक भाषेच्याही बाहेर असतो. शिवाय पत्रक जिच्या हाती कधीच पडत नाही अशी एक व्यक्ती आहे: ड्रममध्ये पाणी भरणारी, दुसऱ्या दिवशी त्याच ओळींतून निंदण करणारी आणि संध्याकाळी फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुणारी स्त्री. फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे, हा खाणाऱ्यासाठीचा अवधी शेतकऱ्याला माहीत असतो. फवारलेल्या शेतात पुन्हा किती तासांनी शिरायचे, हा काम करणाऱ्यासाठीचा अवधी फारसा कोणाच्या बोलण्यात येत नाही.

विस्तार यंत्रणेने आपली श्रोतृवर्गाची कल्पना बदलणे, हा यातील सर्वांत तातडीचा भाग आहे. सुरक्षित फवारणीची प्रशिक्षणे होतात, पण ती दुपारी अकरा वाजता, सातबारावर नाव असलेल्यांसाठी, कृषी विज्ञान केंद्राच्या सभागृहात होतात. त्या वेळी फवारणारा माणूस कपाशीत असतो. त्याला गाठायचे तर सकाळी मजुरांच्या नाक्यावर किंवा रात्री समाजमंदिरात जावे लागेल, आणि एक दिवस बोलवायचे तर त्या दिवसाची मजुरी द्यावी लागेल. प्रगतिशील शेतकऱ्याने तर याची वाटही पाहू नये. पंप भरण्यापूर्वी डबा मजुराच्या हातात देणे, लेबल वाचून दाखविणे आणि संध्याकाळपर्यंत तो डबा बांधावर ठेवणे यास पाच मिनिटे लागतात.

कृषी संशोधन संस्थांकडेही एक काम आहे. खरिपाच्या तोंडावर प्रसिद्ध होणाऱ्या शिफारशींच्या तक्त्यांत कीड, कीटकनाशक, दहा लिटर पाण्यातील मात्रा आणि काढणीपूर्व अवधी असे रकाने असतात. त्रिकोणाचा रंग आणि उतारा हे दोन रकाने त्यात सहसा नसतात. ते घालण्यासाठी कोणत्याही नव्या प्रयोगाची गरज नाही. ही माहिती प्रत्येक डब्याच्या लेबलवर आणि माहितीपत्रकात आधीच आहे, तेथून ती तक्त्यात उतरवून घेण्याचे काम फक्त बाकी आहे.